फाटक उघडे ठेवायचे तर

मुंबईत चर्चगेट नावाचे स्टेशन आहे, मात्र ज्या दरवाजावरून त्याला हे नाव मिळाले तो दरवाजा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच जमीनदोस्त झाला. इंग्रजांच्या किल्ल्याच्या तटाला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. तटाच्या आत वस्ती दाटली, बाहेर शहर वाढत गेले आणि सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, १८६२ नंतरच्या काही वर्षांत, तो तट पाडला गेला. चर्च गेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. आजच्या दक्षिण मुंबईतले रुंद रस्ते आणि ओव्हल मैदानाकडे तोंड करून उभी असलेली विद्यापीठाची आणि उच्च न्यायालयाची इमारत ही त्या मोकळ्या झालेल्या जागेची देणगी आहे.

त्याच शहरात आता इमारतीगणिक नवा तट उभा राहिला आहे. कंपाउंडच्या भिंतीवर काचा किंवा तारा, फाटकाशी वॉचमनची केबिन, केबिनमध्ये रजिस्टर, रजिस्टरच्या जोडीला ॲप, आत शिरल्यावर लिफ्टपाशी कॅमेरा आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी ग्रिल, इतके टप्पे ओलांडल्यावर माणूस माणसाच्या दारापर्यंत पोहोचतो. मी ज्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर काम करते, तिथेही यातल्या बहुतेक गोष्टी आहेत आणि त्यांतल्या काही माझ्या सहीने बसवलेल्या आहेत. म्हणून या लेखात मी भिंतींच्या विरोधात बाजू मांडणार नाही. सामाईक जागेत कोणाला येऊ द्यायचे, कोणत्या अटीवर आणि हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाचा मला समितीत बसून जो विचार करावा लागला, तो इथे मांडते आहे.

आधी भीतीबद्दल सांगायला हवे, कारण तिला कमी लेखून ही चर्चा पुढे जाऊच शकत नाही. १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, ११ जुलै २००६ रोजी लोकलच्या डब्यांत झालेले स्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला यांनंतर या शहराच्या मनात जे घर करून बसले ते खोटे नाही. २००८ नंतर गेटवे ऑफ इंडियाच्या समोरच्या मोकळ्या फरसबंदीभोवती अडथळे आले आणि तपासणीच्या रांगेतून आत जाण्याची आपल्याला सवय झाली. २०१६ मध्ये शहरभर पोलिसांच्या सुमारे पाच हजार कॅमेऱ्यांचे जाळे सुरू झाले. त्याखेरीज रोजची भीती असते ती निराळीच: घरात एकटी राहणारी वृद्ध बाई, शाळेतून एकटी परतणारी मुलगी, जिन्यात ठेवलेली सायकल. सोसायटीच्या सभेत जो सभासद उठून ‘बाहेरच्यांना बंद करा’ म्हणतो, तो बहुतेक वेळा दुष्ट नसतो. त्याला काहीतरी जपायचे असते.

परंतु २६ नोव्हेंबरच्या त्या रात्रीचाच एक तपशील मला नेहमी आठवतो. हल्लेखोर रबरी होडीतून कफ परेडला बधवार पार्कजवळच्या मच्छिमार वस्तीच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिले आणि हटकले ते तिथल्या कोळी रहिवाशांनी. तिथे ना फाटक होते, ना रजिस्टर. किनारा सर्वांना मोकळा होता. तरीही, या वेळेला या होडीतून येणारी ही मुले आपली नव्हेत, हे त्या माणसांना क्षणात कळले, कारण त्यांचा सगळा दिवस त्या किनाऱ्यावर जातो आणि तिथे रोज कोण येते-जाते हे त्यांना ठाऊक असते. पुढे जे घडले ते त्यांच्या हातात नव्हते; त्यांनी पाहिले त्याची दखल घेणारी यंत्रणा वेळेवर हलली नाही. पण पाहिले त्यांनीच. मोकळी जागा म्हणजे बेवारस जागा नव्हे, हे मला त्या किनाऱ्याने शिकवले.

माझे बालपण परळच्या एका चाळीत गेले. तिथे दिवसभर दारे उघडी असत, जिन्यातून कोणीही वर येई आणि तरी चोरीची भीती फारशी नव्हती, हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकते आणि ते खरेही आहे. मात्र त्यामागे सतत चालणारे काम होते, हे आठवण काढणारे विसरतात. गॅलरीत तांदूळ निवडणारी बाई, रात्रपाळी करून आलेला आणि दुपारी कठड्याशी विडी ओढत बसलेला गिरणी कामगार, नळावर रांगेत उभ्या असलेल्या मुली हे सगळे नकळत पहारा देत होते. अनोळखी माणूस पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याला दोनदा तरी ‘कोण पाहिजे?’ असे विचारले जाई. त्या प्रश्नात संशय असे तसेच स्वागतही असे, कारण उत्तर मिळाले की विचारणाराच त्याला दारापर्यंत नेऊन सोडी.

या पहाऱ्याची किंमतही होती आणि ती मुख्यतः मुलींनी मोजली. मी किती वाजता परत आले, कोणाबरोबर बोलत उभी होते, याची नोंद कोणत्याही रजिस्टरशिवाय पूर्ण मजल्याकडे असे. वेगळ्या जातीचा किंवा धर्माचा मित्र घरी आला, तर त्याला विचारला जाणारा ‘कोण पाहिजे?’ जरा लांबे. चाळीचा मोकळेपणा हा ‘आपल्यांपुरता’ मोकळेपणा होता, आणि आपले कोण हे गावाने, गिरणीने, जातीने आधीच ठरवून दिलेले होते. म्हणून चाळ परत आणावी, असे मी म्हणत नाही. तिच्यातली एकच गोष्ट मला हवी आहे: पहारा देणारी माणसे त्या जागेत प्रत्यक्ष हजर असत.

त्या चाळीतही वर्षातून दहा दिवस ‘आपले’ आणि ‘परके’ ही रेघ पुसली जाई. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून मुंबईतल्या चाळींनी आपले अंगण संपूर्ण अनोळखी माणसांना खुले करण्याचा एक रिवाज जोपासला आहे. त्या दहा दिवसांत दर्शनाला येणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. उलट चाळीतले लोक स्वतःचे काम वाढवून घेतात: कार्यकर्ते रात्रीच्या पाळ्या लावतात, रांगेसाठी दोर बांधतात, हरवलेल्या मुलांसाठी ध्वनिक्षेपकाशी एक माणूस बसवतात, मंडपाच्या मागून घरांकडे जाणारा जिना वेगळा ठेवतात आणि तिथे त्याच मजल्यावरचा एखादा मुलगा उभा करतात. अंगण सर्वांचे आणि जिना रहिवाशांचा, ही विभागणी कोणीही न सांगता सगळ्यांना समजते. दार उघडे ठेवायचे तर घरच्यांना जागावे लागते, हे या मंडळांना पक्के ठाऊक आहे; बाकीचे साडेअकरा महिने आपण ते विसरतो.

ही गोष्ट आमच्या अभ्यासिकेच्या वादात फार कामाला आली.

आमच्या चाळीचा पुनर्विकास होऊन जी इमारत झाली, तिच्या तळमजल्यावर सोसायटीच्या कार्यालयाला लागून एक मोठी खोली आहे. तिथे आम्ही अभ्यासिका चालवतो. मुंबईत अभ्यासाला बसायला जागा नसणे म्हणजे काय, हे ज्याने दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांबरोबर दहावी केली आहे त्यालाच कळेल. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक अभ्यास गल्ली म्हणून ओळखतात, कारण बीडीडी, म्हणजे इंग्रजांच्या काळात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने बांधलेल्या चाळींतली मुले पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या शांत रस्त्यावर, दिव्याच्या खांबाखाली बसून शिकली. बीडीडीच्या एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. मधल्या अंधाऱ्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या आणि टोकाला सामाईक संडास. अशा घरातल्या मुलाला रस्त्याने जे दिले ते त्याला कोणत्याही अर्जाशिवाय, ओळखपत्राशिवाय मिळाले. आमच्या अभ्यासिकेत सुरुवातीपासून शेजारच्या गल्लीतली मुले येत, आणि त्यांतली बरीच स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी होती.

मग एकदा तिथून एका मुलाचा लॅपटॉप गेला. पॅसेजमधल्या कॅमेऱ्यात बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पाठी आणि पिशव्या दिसल्या, त्यातून काही निष्पन्न झाले नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे प्रस्ताव आला की, अभ्यासिका केवळ सभासदांच्या मुलांसाठी ठेवावी. चोरी बाहेरच्याने केली असे कोणालाही माहीत नव्हते, तरीही ‘बाहेरचे’ हा शब्द सभेत सहज रुळला होता. माझा या प्रस्तावाला विरोध होता आणि मी तो मांडला. मात्र त्या सभेतले सर्वांत महत्त्वाचे बोलणे माझे नव्हते. पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजींनी विचारले, “पोरं शिकायला येतात ते चांगलंच आहे गं, पण ती लिफ्टपाशी उभी असतात. त्यातलं कोण खोलीत गेलं आणि कोण वर आलं, हे मला कसं कळायचं?”

या प्रश्नाला मुलांच्या गरिबीचे किंवा गुणवत्तेचे उत्तर चालत नाही. आजींची हरकत मुलांवर नव्हतीच. अभ्यासिकेत येण्याची परवानगी म्हणजे आपोआप जिन्यापर्यंत, लिफ्टपर्यंत आणि त्यांच्या दारापर्यंतची परवानगी होत होती, ही त्यांची अडचण होती. आम्ही कितीतरी वेळ ‘कोणाला येऊ द्यायचे’ यावर भांडत होतो, आणि त्या ‘कुठपर्यंत’ विचारत होत्या. खोलीच्या मागच्या बाजूला गल्लीकडे उघडणारे एक दार होते, ते बांधकामापासून बंदच होते आणि त्याच्याशी जुने सामान रचलेले होते. ते सामान हलवले, दार गल्लीकडून उघडले, लॉबीकडचे दार आतून फक्त आगीसारख्या प्रसंगी उघडेल असे केले, आणि अर्धे भांडण त्याच आठवड्यात मिटले. मुले गल्लीतून येतात, गल्लीतूनच जातात. आजी आता खाली आल्या की अभ्यासिकेच्या खिडकीतून डोकावून कोण बसले आहे ते बघतात आणि मुलांना त्याचा राग येत नाही. घर, जिना, आवार, सामाईक खोली आणि रस्ता या निरनिराळ्या जागा आहेत. त्या सगळ्यांना एकच फाटक आणि एकच नियम लावला की मग सर्वांत भित्र्या माणसाचा नियम सर्वांत मोकळ्या जागेला लागू होतो.

उरलेले अर्धे भांडण अधिक अवघड होते. काही सभासदांचे म्हणणे होते की, येणाऱ्या प्रत्येकाकडून आधार कार्डाची प्रत घ्यावी. मला यात अर्थ वाटला नाही, कारण त्या प्रतीवरून माणूस कसा वागेल हे कळत नाही, आणि इतक्या मुलांची कागदपत्रे कपाटात साठवून ठेवण्याची जबाबदारी मात्र आमच्यावर येते. त्याऐवजी आम्ही ओळखीची अट घातली: सोसायटीतला सभासद, परिसरातला शिक्षक किंवा मंडळाचा कार्यकर्ता, कोणीतरी एकाने सांगावे की हा मुलगा मला माहीत आहे. ही पद्धत चांगली चालली आणि मला तिचे समाधानही वाटू लागले होते, एवढ्यात तिची उणीव दाखवणारा एक मुलगा दारात आला. तो मराठवाड्यातून परीक्षेच्या तयारीसाठी आलेला, मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपण्यापुरती जागा मिळालेला, आणि परळमध्ये त्याला ओळखणारे कोणी म्हणजे कोणी नव्हते. ज्याला या खोलीची सर्वांत जास्त गरज होती, त्यालाच आमचा नियम बाहेर ठेवत होता.

ओळखीवर उभ्या असलेल्या प्रत्येक व्यवस्थेचा हा धोका आहे, आणि आपल्या समाजात तो धोका साधा नाही, कारण इथे कोणाची कोणाशी ओळख असते हे पुष्कळदा जात आणि धर्म ठरवतात. ‘आमच्या ओळखीतलाच हवा’ हे वाक्य घर भाड्याने देताना या शहरात रोज उच्चारले जाते आणि त्याचा अर्थ काय होतो हे मुंबईतल्या मुस्लिम किंवा दलित भाडेकरूला विचारावे. म्हणून आम्ही नियमाला एक जोड दिली. ज्याला कोणीच ओळखत नाही, त्याने ज्या वेळी खोलीची किल्ली सांभाळणारा जबाबदार विद्यार्थी हजर असतो त्या वेळेत महिनाभर यावे. तेवढ्या काळात त्याची इथेच ओळख होते, आणि मग तो विद्यार्थीच त्याच्यासाठी शब्द देतो. त्या मराठवाड्यातल्या मुलाने पुढे किल्ली सांभाळण्याची पाळी स्वतःहून मागून घेतली. प्रवेशाच्या आधी ओळख मागण्यापेक्षा प्रवेशातून ओळख घडू देणे मला जास्त सुरक्षित वाटते, कारण मग दारावरचा माणूस ज्याच्याबद्दल बोलतो त्याला त्याने खरोखर पाहिलेले असते.

प्रवेश कशाने जातो, हेही आम्ही लिहून भिंतीवर लावले: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणे, मुलींना त्रास होईल असे वागणे, वारंवार सांगूनही गोंगाट करणे, दुसऱ्याला आपल्या कार्डावर आत आणणे. निर्णय समितीतले दोघे आणि विद्यार्थ्यांमधला एक असे तिघे घेतात, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे ऐकून घेतात, आणि निर्णय मान्य नसेल तर सर्वसाधारण सभेकडे जाता येते. या नियमाने पहिल्यांदा ज्याचा प्रवेश काही काळ थांबला, तो एका सभासदाचा मुलगा होता. त्या घरातून आमच्यावर पुष्कळ दबाव आला. आम्ही निर्णय बदलला नाही, आणि त्या दिवसापासून गल्लीतल्या मुलांनी भिंतीवरचा तो कागद खरा मानायला सुरुवात केली, असे मला त्यांच्या बोलण्यातून जाणवले. मालकी असलेल्याला एक नियम आणि पाहुण्याला दुसरा असे असते, तर त्या कागदाला काही किंमत उरली नसती.

मालकीचा हा मुद्दा आपल्याकडे किती जुना आणि किती जिव्हारी लागणारा आहे, हे महाडच्या चवदार तळ्याच्या इतिहासात दिसते. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव सी. के. बोले, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्याच कायदे कौन्सिलात मांडला आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठरावही १९२४ मध्ये केला. कागदावर दार उघडले, पण तीन वर्षे कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. नंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि विरोधक न्यायालयात गेले ते तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा घेऊन. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अखेर त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणावरही निर्बंध घालता येणार नाहीत, हे नोंदवले गेले.

सोसायटीचे आवार हे चवदार तळे नव्हे. ते सभासदांच्या पैशाने चालते आणि कायदाही त्याला तसेच मानतो, हे मला मान्य आहे. तरीसुद्धा घरकाम करणाऱ्या बाईने मुख्य लिफ्ट वापरू नये, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने मागच्या जिन्याने जावे, ड्रायव्हरने बागेतल्या बाकावर बसू नये, असे नियम जेव्हा ‘सुरक्षिततेसाठी’ या शीर्षकाखाली येतात, तेव्हा मी विचारते की यात धोका नेमका कोणता? जी बाई तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या पाठीमागे एकटी वावरते, ती लिफ्टमध्ये अचानक धोकादायक कशी होते? या प्रश्नाला सुरक्षिततेच्या भाषेत उत्तर मिळत नाही. उत्तर शिवाशिवीच्या भाषेतच आहे, आणि ते उच्चारायला कोणी धजत नाही एवढाच काय तो शंभर वर्षांतला फरक. ज्या निर्बंधाने कोणत्या अपायाला आळा बसतो हे साध्या वाक्यात सांगता येत नाही, तो निर्बंध समितीने काढून टाकावा, असे मी आमच्याकडे धरून बसले आणि लिफ्टपुरते तरी ते झाले.

या सगळ्यात ज्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते तो माणूस फाटकाशीच बसलेला असतो. वॉचमन हा बहुधा उत्तर प्रदेशातून, बिहारमधून किंवा नेपाळमधून आलेला, बारा तासांची पाळी करणारा, एजन्सीने आज इथे तर पुढच्या महिन्यात आणखी कुठे पाठवलेला असतो. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी १९८१ पासून कायदा आहे, तरी कित्येक केबिनमध्ये अजून पंखा नसतो आणि संडासाला जाण्यासाठी त्याला कोणाची तरी परवानगी लागते. अशा माणसाला आपण दिवसातून शंभर वेळा निवाडा करायला सांगतो. ‘कोणालाही सोडायचे नाही’ हा हुकूम एका तोंडाने, आणि ‘माझ्या पाहुण्याला का अडवलेस’ हा दम दुसऱ्या तोंडाने. मग तो आपली नोकरी वाचवणारा एकमेव मार्ग धरतो: चांगल्या कपड्यातल्या, गाडीतून येणाऱ्या माणसाला सलाम ठोकायचा आणि पायी येणाऱ्याला, घामाघूम झालेल्याला, काळ्यासावळ्याला थांबवायचे. हा भेदभाव त्याचा नाही. तो आपण न लिहिलेल्या नियमांतून त्याने अचूक वाचलेला आपलाच मनोदय आहे.

आम्ही त्याला दिलेल्या सूचना एका पानावर मराठीत आणि हिंदीत लिहिल्या. कोणालाही, तो कसाही दिसत असला तरी, एकच प्रश्न विचारायचा. घरातून होकार आला की सोडायचे. नकार आला तर ‘घरी कोणी भेटत नाही’ असे नीट सांगायचे. वाद झाला तर समितीच्या माणसाला फोन करायचा आणि त्याच्या निर्णयामागे समिती उभी राहील. गेल्या पावसाळ्यात एका सभासदाने त्याच्यावर आवाज चढवला, तेव्हा ते पान वॉचमनने स्वतः पुढे केले. एवढे लहानसे काम, पण मला वाटते की आजवर बसवलेल्या कॅमेऱ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. कॅमेरा चोरी झाल्यावर तपासाला मदत करतो. फाटकाशी बसलेला, विश्वास दिलेला माणूस ती होण्यापूर्वी काहीतरी वेगळे चालले आहे हे ओळखतो. मात्र त्यासाठी तो तिथे टिकला पाहिजे, आणि टिकण्यासाठी त्याला पंखा, संडास आणि सन्मान लागतो.

रजिस्टरबद्दल थोडक्यात सांगते. नाव, मोबाइल नंबर आणि कोणाकडे जायचे हे लिहिलेले ते उघडे पान केबिनच्या खिडकीत दिवसभर पडलेले असते, आणि एखाद्या मुलीने लिहिलेला नंबर तिच्या मागून आलेला कोणीही वाचू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कायद्याची वाट न पाहताही एवढे करता येते की, लागते तेवढेच विचारावे, ते झाकून ठेवावे आणि गरज संपल्यावर नष्ट करावे. घरकाम करणाऱ्या बाईची रोजची येण्याजाण्याची वेळ ॲपवर सगळ्या इमारतीला दिसावी, याचे तर मला काहीच कारण सापडत नाही.

इमारतीच्या बाहेर आले की हाच प्रश्न शहराच्या आकाराचा होतो. मुंबईत माणशी दोन चौरस मीटरसुद्धा मोकळी जागा वाट्याला येत नाही, आणि जी आहे तिच्यातलीही बरीच कुंपणाआड आहे. महापालिकेने मैदाने आणि उद्याने देखभालीसाठी खासगी संस्थांकडे सोपवण्याचे धोरण आणले, तेव्हा हेतू चांगला होता: महापालिकेकडून जागांची निगा राहत नव्हती, कचरा आणि अतिक्रमणे वाढत होती. पण काही ठिकाणी देखभाल करणाऱ्याने तिथे क्लब बांधला, सभासदत्वाची फी लावली आणि सार्वजनिक मैदान मूठभरांचे झाले. जानेवारी २०१६ मध्ये नव्या धोरणाला राज्य सरकारने स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. निगा राखणारा हळूहळू मालक होतो, हे त्यातून दिसले. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: ओव्हल मैदान आज इतके सुस्थितीत आहे त्यामागे परिसरातल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात दिलेली न्यायालयीन लढाई आणि नंतर घेतलेली मेहनत आहे, आणि तिथे शनिवार-रविवारी कुठल्याही वस्तीतली मुले क्रिकेट खेळताना दिसतात.

शिवाजी पार्कला मात्र फाटकच नाही. १९२५ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या सुमारे २८ एकरांच्या या मैदानाला सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा एक बुटका कट्टा आहे, ज्यावर पहाटे निवृत्त माणसे बसतात, दुपारी कॉलेजातली मुले, संध्याकाळी आया आणि रात्री उशिरापर्यंत मित्रांची टोळकी. सीमा सांगणारी भिंत आणि बसण्याची जागा एकच असल्यामुळे मैदानाच्या कडेला सतत माणसे असतात आणि त्यांचे लक्ष आपोआप आत-बाहेर राहते. एकट्या बाईला रात्री साडेदहाला तिथून चालताना भीती वाटत नाही, ही माझी स्वतःची गोष्ट आहे. दिवे लावून, माणसे बसतील अशी सोय करून जे साधते ते आठ वाजता कुलूप लावून साधत नाही. कुलूप लावलेल्या बागेच्या कडेचा रस्ता उलट निर्जन होतो आणि तिथूनच जाताना पावले भरभर पडतात.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधली घरे मिळाली. शतकभर सामाईक बोळात राहिलेल्या या घरांना आता ५०० चौरस फुटांचे स्वतःचे घर, स्वतःचा संडास आणि बंद होणारे दार मिळाले आहे, आणि ते त्यांना फार पूर्वी मिळायला हवे होते. तिथले रहिवासी आता आपल्या सोसायट्यांचे नियम लिहितील. पहिल्या दोन-तीन वर्षांत जे लिहिले जाते ते पुढे पन्नास वर्षे हलत नाही, हा आमचा अनुभव आहे. तळमजल्यावरची सामाईक खोली कोणत्या बाजूने उघडणार, मंडळाच्या कार्यक्रमाला बाहेरचे लोक कुठपर्यंत येणार, गावाहून आलेल्या नातेवाइकाला फाटकाशी किती प्रश्न विचारले जाणार आणि ते कोण विचारणार, हे नकाशा आणि नियमावली हातात असतानाच ठरवावे, असे मी तिथल्या ओळखीच्या कुटुंबांना सांगते.

आमच्याकडे सध्या वाद आहे तो रात्रीच्या वेळेचा. अभ्यासिका दहाला बंद होते. परीक्षा जवळ आलेल्या काही मुलींनी ती बारापर्यंत चालू ठेवावी असा अर्ज दिला आहे, आणि त्यात त्यांनी आधीच लिहिले आहे की गल्लीतला दिवा बंद असतो तो सुरू व्हावा आणि दहानंतर खोलीत एक मोठी बाई बसलेली असावी. दिव्यासाठी महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात तक्रार नोंदवली आहे. बसण्यासाठी सोसायटीतल्या बायकांची पाळीपाळीची यादी मी करते आहे; पहिल्या आठवड्यात माझे आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींचे नाव आहे, तिसऱ्या आठवड्यापासूनच्या जागा अजून रिकाम्या आहेत. त्या भरल्या तर प्रस्ताव पुढच्या सभेपुढे जाईल.